सेकंडहॅन्ड बोलेरोला गार्ड, काळी फिल्म, एलईडी बार: रस्त्यावर काय चालतं, काय नाही

प्रश्न असा आहे. दिग्रसकडच्या एका कास्तकार भावानं २०१६ सालची खासगी पासिंगची बोलेरो सेकंडहॅन्ड घेतली. समोरचं लोखंडी गार्ड आणि टपावरचा एलईडी बार जुन्या मालकानं लावलेला आहेच. भावाला आता रुंद टायर, काळी फिल्म आणि प्रेशर हॉर्न टाकायचा आहे. लग्नसराईत माणसं नेता यावीत म्हणून मागं लांब बाक करून घ्यायचा आहे. शिवाय मेहुण्याची ओम्नी घरच्या लाल सिलिंडरवर चालते, तिचंही विचारलंय. गाडी विकणाऱ्याचं म्हणणं, "खेड्यात कोन पायते?" तर यातलं कायद्यात काय बसतं?

विकणारा अर्धं खरं बोलला. खेड्यात रोज कोणी पाहत नाही. पण मी आधी गॅरेज चालवलं आणि नंतर विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्यांचे सर्व्हे करत आलो, तेव्हा एवढं नक्की सांगतो की गाडी कोणीतरी कधीतरी पाहतंच. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीचं नूतनीकरण करायला गेलात की इन्स्पेक्टर पाहतो, क्लेम टाकला की माझ्यासारखा सर्व्हेअर पाहतो, आणि अपघातात माणूस गेला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात समोरचा वकील पाहतो. चालान हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त खर्च. म्हणून मी उत्तराचा क्रम दंडावरून लावत नाही, घर बुडवण्याची ताकद कशात जास्त आहे त्यावरून लावतो.

आधी कायदा, कारण त्याच्याबद्दल दोन टोकाच्या अफवा आहेत. एक म्हणते काहीही केलं तरी चालतं, दुसरी म्हणते सीटकव्हर बदललं तरी गुन्हा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात दिलेल्या आणि आरसीवर चढलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. बदल म्हणजे काय, तेही त्याच कलमात आहे: गाडीच्या रचनेत असा फरक, ज्यानं तिचं मूळ स्वरूप बदलतं. म्हणजे सीटकव्हर, मॅट, टेप, मागचा कॅमेरा यांच्याशी या कलमाला देणंघेणं नाही. इंजिन, इंधन, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रंग हे आरसीवर असतं, तिथं हात लावलात की कलम लागलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आणलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द नीट वाचा. गार्डचे वेगळे आणि बाकाचे वेगळे.

पण आरसीला धक्का न लावताही एखादी वस्तू बेकायदा असू शकते. काच, दिवे, हॉर्न, सायलेन्सर यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये स्वतंत्र नियम आहेत. "आरसीवर तर लाइटचं काही लिहिलंच नाही" हा युक्तिवाद मी नाक्यावर पुष्कळदा ऐकला आहे. तो कुठंच टिकत नाही.

आता बाक. तुमच्या सगळ्या यादीत मला सर्वांत जास्त भीती याची वाटते, आणि गंमत म्हणजे हा बदल बाहेरून कोणाला दिसतही नाही. आरसीवर सात असेल तर गाडी सातांची. मागच्या सीटा काढून आडवे बाक टाकले, अकरा-बारा माणसं बसवली, तर आसनसंख्या बदलली, कलम ५२ लागलं. त्यातून पांढऱ्या प्लेटच्या, म्हणजे खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेली तर तो परमिटशिवाय प्रवासी वाहतुकीचा गुन्हा, कलम १९२अ खाली १०,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद. तरी हा दंड विसरा. विमा पाहा. पुष्कळ जण जुन्या गाडीला नुसती थर्ड पार्टी पॉलिसी काढतात, कारण ती स्वस्त पडते. त्या पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस येतो, पण खासगी गाडीत तुमच्यासोबत बसलेला माणूस येत नाही. त्याची भरपाई थेट मालकावर. फुल पॉलिसी असली तरी ती आरसीवरच्या आसनसंख्येपुरती. २००७ साली सुप्रीम कोर्टापुढं एका बसचं प्रकरण आलं होतं, परवानगी ४२ जणांची आणि आत दुपटीहून जास्त माणसं. कोर्ट म्हणालं, विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. उरलेल्यांची भरपाई कोणी द्यायची? मालकानं. न्यायाधिकरणाचा आकडा लाखांत असतो आणि वसुली जमीन महसुलासारखी होऊ शकते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यामार्फत, तुमच्या सातबाऱ्यापर्यंत. वऱ्हाडी मंडळी आपलीच, गावातलीच, केस करणार नाहीत असं वाटतं. घरातला कमावता माणूस गेल्यावर ती केस करावीच लागते हो, त्यांचंही काही चुकत नाही. बाक करू नका. बारा माणसं न्यायची तर काळीपिवळी करा नाहीतर परमिटची क्रूझर.

मेहुण्याच्या ओम्नीचं उत्तर त्याहून सोपं आहे: आज संध्याकाळी सिलिंडर काढायला सांगा. गॅसवर गाडी चालवणं बेकायदा नाही, कायद्यानंच मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलायला परवानगी दिलेली आहे. ओम्नी तर कंपनीकडूनच एलपीजीमध्ये येत होती. पण गाडीची टाकी आणि स्वयंपाकाचं सिलिंडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाडीच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह ८० टक्के भरली की आपोआप बंद होतो, उन्हात गॅस फुगायला जागा राहावी म्हणून. पाइप तुटला तर प्रवाह अडवण्याची सोयही त्यातच. घरच्या सिलिंडरला यातलं काही नाही. वरून तो मागच्या सीटखाली आडवा टाकलेला, रेग्युलेटरला साधा रबरी पाइप, आणि मे महिन्यात यवतमाळ-वर्ध्याकडं पारा ४५ च्या आसपास. बंद ओम्नीत आतला ताप किती होतो ते वेगळं सांगायला नको. घरगुती गॅस गाडीत वापरणं हा २००० सालच्या एलपीजी नियंत्रण आदेशाचा भंग आहे, म्हणजे गुन्हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. पोट्ट्यांना शाळेत सोडायला अशा गाड्या वापरतात, तेव्हा मला खरंच संताप येतो. एलपीजी किंवा सीएनजीच हवी असेल तर मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटर, त्याचं प्रमाणपत्र, मग आरटीओत जाऊन आरसीवर इंधनाची नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, हा रस्ता आहे. आरटीओला कळवायची कायद्यानं दिलेली मुदत १४ दिवसांची आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमतीही लागते. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी असते, ती बहुतेक जण विसरतात. मात्र किटची मान्यता गाडीच्या मॉडेलनुसार असते. मेहुण्याच्या ओम्नीसाठी मान्य असलेलं किट आता मिळत नसेल तर गाडी पेट्रोलवरच राहू द्या. "सगळ्यालेच बसते" म्हणणाऱ्या फिटरकडं जाऊ नका.

गार्ड. इथं मी तुमच्या बाजूनंही थोडं बोलतो. शहरातला माणूस गार्ड रुबाबासाठी लावतो. आपल्याकडं रात्री रोही (नीलगाय) आडवी येते, रानडुकराचा कळप येतो, टिपेश्वरच्या बाजूनं जाणाऱ्याला तर हे सांगायलाही नको. भीती खरी आहे. पण केंद्रीय परिवहन मंत्रालयानं ७ डिसेंबर २०१७ ला सगळ्या राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला सांगितलं, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गाडीचा समोरचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी केलेला असतो, धडकेचा जोर त्या चेपण्यात मरतो. गार्डाचे नट थेट चेसिसला बांधलेले असतात, म्हणून तोच जोर सरळ चेसिसमधून आत येतो. एअरबॅग असेल तर तिच्या सेन्सरचा हिशेब बिघडतो. तुमच्या २०१६ च्या गाडीत बहुधा एअरबॅग नसेल, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ. उरतो रस्त्यावरचा माणूस. सायकलवाला, वावरातून डोक्यावर भारा घेऊन येणारी बाई, यांना बंपरनं जे लागतं आणि लोखंडी पाइपानं जे लागतं त्यात फ्रॅक्चर आणि मरण एवढं अंतर असू शकतं. आणि रोहीचं म्हणाल, तर मोठा नर दोनशे किलोच्या घरात जातो, पाय लांब. वेगात धडक बसली की पाय गार्डाला लागतात आणि धड बोनेटवरून काचेकडं येतं. काचेला गार्ड नसतं. रोहीवर उपाय रात्री ५०-६० चा वेग आणि नीट दिवे हाच. "शोरूमवाल्यानंच ॲक्सेसरीत लावून दिलं" असं कोणी म्हटलं तर त्याला म्हणा, बिल दाखव, पण बिलानं वस्तू कायदेशीर होत नाही. गार्ड काढा.

नीट दिवे म्हटलं म्हणून टपावरचा बारही पाहू. तो रस्त्यावर चालत नाही. समोरचे दिवे मान्यताप्राप्त लागतात, ठरल्या उंचीवर आणि ठरल्या कोनात लागतात, डिपरवर खाली झुकावे लागतात. टपावरच्या बारला डिपर नसतो. समोरून मोटरसायकलवर येणाऱ्याला चार सेकंद काही दिसत नाही, आणि त्याच्या मागं बिनारिफ्लेक्टरची बंडी असते. वावरात रात्री रखवालीला जाताना बार वापरायचा असेल तर काढता येईल असा ठेवा, डांबरी रस्त्यावर काढून किंवा झाकून. हेडलाइटमध्ये १००/९० वॉटचे बल्ब टाकण्याची आपल्याकडं फॅशनच आहे. मूळ बल्ब ६०/५५ चा असतो, वायरिंग आणि होल्डर तेवढ्याचाच, म्हणून वर्षभरात होल्डर वितळलेला सापडतो. आग लागलेल्या गाडीच्या सर्व्हेत आम्ही वायरिंगला काय काय जोडलंय ते आधी बघतो. हॅलोजनच्या डोममध्ये एलईडी बल्ब टाकला तर उजेड पांढरा दिसतो पण फाकतो, रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. यापेक्षा पिवळी पडलेली काच पॉलिश करा किंवा बदला, ६०/५५ च्याच चांगल्या बल्बला रिले लावून घ्या म्हणजे बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळेल, आणि भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस सेट करा. एका संध्याकाळचं काम आहे आणि फरक तुम्हालाच जाणवेल. समोर लाल-निळे दिवे लावायचेच नाहीत, ते सांगायला हवं का? एखाद्या सरपंचाच्या गाडीवर दिसतात म्हणून सांगितलं.

टायर. बोलेरोला कंपनीचं माप २१५/७५ आर १५. बाजारात सगळे २३५/७५ सुचवतात. हिशेब करून पाहा, मूळ टायरचा व्यास साधारण ७०४ मिमी, नव्याचा ७३४. म्हणजे चार टक्क्यांहून थोडा मोठा. मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८३ वर असेल, ब्रेकला तेवढं जास्त ओढावं लागेल, स्टीअरिंग जड, बेअरिंग लवकर जाणार. कायद्याचं सूत्र सोपं आहे: कंपनीनं त्या मॉडेलसाठी जी मापं दिली आहेत, वरच्या व्हेरियंटसकट, ती चालतात. बंपरबाहेर किंवा मडगार्डबाहेर येणारं चाक चालत नाही. रुंद टायर गाऱ्यात, म्हणजे चिखलात चांगलं चालतं हाही गैरसमज. आपल्या काळ्या मातीचा गारा टायरच्या नक्षीत भरला की टायर गुळगुळीत होतो, मग रुंदी काय कामाची? त्याच मापात खोल नक्षीचे टायर घ्या. समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हवा, नक्षी आणि टायरवर छापलेलं उत्पादनाचं वर्ष बघा. उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर कमी हवेचा जुना टायर फुटतो, त्यात रुंद-अरुंद असा भेद नाही.

फिल्मचा विषय वकिलांनीही गुंतागुंतीचा केला आहे. नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काचेवर नंतर चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर टक्केवारी न पाहता बंदी घातली. पुढं नियमात दुरुस्ती झाली, आणि २०२१ पासून भारतीय मानकात बसणाऱ्या, आतून प्लास्टिकचा थर असलेल्या सेफ्टी ग्लेझिंगला जागा मिळाली. त्यावर बोट ठेवून केरळ हायकोर्टानं २०२४ मध्ये ७०-५० पाळणारी फिल्म चालेल असं म्हटलं. तो निकाल केरळचा. आपल्याकडच्या हवालदाराला तो दाखवून उपयोग नाही, आणि बसस्टँडसमोरच्या दुकानात मीटरनं कापून लावतात त्या फिल्मला मानकाचा शिक्का नसतो, ती ५० टक्क्यांतही बसत नाही. ऊन खरं आहे, मान्य. काच थोडी उघडी ठेवून पहिली पाच मिनिटं गरम हवा बाहेर काढा, एसीचा गॅस आणि कंडेन्सर बघून घ्या, गाडी उभी असताना जाळी लावा. काळी फिल्म काढून टाकायला दुकानदार जेवढे घेतो तेवढ्यात एसीची सर्व्हिस होते.

प्रेशर हॉर्न, म्युझिकल हॉर्न: नियम ११९, नाही. फटाक्याच्या बुलेटसारखा सायलेन्सर: नाही. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो, १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बाद.

नंबरप्लेटला स्वतंत्र परिच्छेद देत नव्हतो, पण जुन्या गाडीवर 'बॉस' वाचता यावं म्हणून ८०५५ वाकडंतिकडं लिहिलेलं असतं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट सक्तीची आहे, ती लावली की हा विषयच संपतो. मराठी आकड्यांची प्लेट कितीही आवडली तरी नियमात बसत नाही. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत अर्ज, मग आरसीवर नोंद. लष्करी हिरवा रंग तर मुळीच नको, तो लष्कराच्या गाड्यांसाठी राखीव आहे. जीपशौकिनांना हे ऐकायला आवडत नाही.

कॅरिअरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण उद्या लावाल. काढता-घालता येणारं, हलकं कॅरिअर आणि त्यावर दोन बॅगा, यावर कोणी भांडताना मी पाहिलेलं नाही. त्यावर कापसाची गाठोडी किंवा खताच्या गोण्या चढवल्या की वजन टपावर जातं, वळणावर गाडी कलंडते. बाहेर लोंबणाऱ्या मालाला कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे. हाच दंड पिकअपवाल्यांना बसतो, बाजूचे पल्ले (फळ्या) उंचावून कापूस भरतात तेव्हा. ट्रॅक्टरवाल्यांनी भंडारा-गोंदियाकडं धानाच्या बांधीतून निघताना केजव्हील (चिखलणीची लोखंडी चाकं) तशीच डांबरीवर आणू नयेत, हेही इथंच सांगून टाकतो. आणि जिथं पिकअपची बॉडी कापून जनरेटर आणि स्पीकरचा मनोरा उभा करतात, तिथं बदलाचं नाव घ्यायचीही गरज नाही. ती गाडी आरसीवरची राहिलेलीच नसते.

एक बदल मात्र जरूर करावा असा आहे, आणि तो गावात कोणाला माहीत नसतो. घरात कोणी अपंग असेल तर त्याला चालवता येईल अशी गाडी करून घ्यायला, हातानं चालणारा ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवायला, कलम ५२ मध्येच परवानगी आहे. मान्य किट बसवा, आरटीओत दाखवा, आरसीवर नोंद करा.

आता विम्याचं. तुम्ही बसवलेली टेप, कॅमेरा, मान्य गॅस किट हे पॉलिसीत लिहून घेतलं नसेल तर अपघातात त्याचे पैसे मिळत नाहीत. लिहून घ्यायला वस्तूच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम लागतो, जुन्या टॅरिफपासून चालत आलेला दर. पण बेकायदा बदल पॉलिसीत लिहून घेतला तरी कायदेशीर होत नाही. आणि आम्ही सर्व्हेला आलो की आधी काय बघतो ते सांगतो: इंजिन नंबर, चेसिस नंबर, आसनं, इंधन, मग वायरिंग. अपघाताशी संबंध असलेला बेकायदा बदल सापडला की तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, कापला जातो किंवा फेटाळला जातो. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाची भरपाई मात्र नुसत्या गार्डचं कारण काढून कंपनीला सहज टाळता येत नाही, हे तुमच्या बाजूचं आहे.

"मी लावलंच नाही, जुन्या मालकानं लावलं" हे उत्तर चालत नाही, कारण कायदा मालकाला विचारतो आणि आता मालक तुम्ही. तेव्हा गाडी नावावर करण्याआधी गॅरेजात न्या, गार्ड आणि बार उतरवा, गार्डाच्या नटांची भोकं चेसिसला पाडलीत का ते पाहा आणि तिथं गंज धरला असेल तर दुरुस्त करून घ्या. इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, भंगारातलं इंजिन बसवलेल्या बोलेरो मी इथं पाहिल्या आहेत, आणि तशी निघाली तर व्यवहार तिथंच थांबवा. मग वाहनाच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकून जुनी ई-चालानं किती थकली आहेत ते बघा. ती विकणाऱ्याला भरायला लावा, कारण थकलेलं चालान असलं की नाव बदलणं अडतं. विकत घेणाऱ्यानं नाव बदलण्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा असतो, आणि विम्याचं नाव बदलायला १४ दिवस.